शेवटून दुसरा, मग पहिला

एप्रिल २०१६. मिरजेहून पाणी घेऊन निघालेली ‘जलदूत’ रेल्वे लातूरला येऊन उभी राहत होती आणि साऱ्या देशाचं लक्ष लातूरकडे होतं. त्याच महिन्यात देशाच्या पार दुसऱ्या टोकाला, मिझोरामच्या डोंगरात, ऐझॉल शहराच्या फुटबॉल क्लबचा मोसम संपला. आय-लीग तेव्हा देशातली अव्वल साखळी स्पर्धा समजली जायची. नऊ संघांच्या त्या लीगमध्ये ऐझॉल एफसी आठवा आला आणि खालच्या श्रेणीत, सेकंड डिव्हिजनमध्ये, ढकलला गेला. पुढच्या वर्षी ३० एप्रिल २०१७ रोजी हाच क्लब भारताचा विजेता झाला.

मधल्या बारा महिन्यांत हा संघ सेकंड डिव्हिजनचा एकही सामना खेळला नव्हता. मग तो वर आला कसा? या प्रश्नाचा माग काढत गेलं की वाट पुण्यातून जाते, गोव्यातून जाते, मुंबईतून जाते. खालची श्रेणी ही केवढी विलक्षण गोष्ट आहे तेही या वाटेवरच कळतं.

पहिला टप्पा पुण्याचा. आठव्या क्रमांकाच्या ऐझॉलच्या खाली, म्हणजे अगदी तळाला, नववा संघ होता पुण्याचा डीएसके शिवाजीयन्स. कुणी तरी खाली जायचं तर शेवटचा जाईल, असं आपण धरून चालतो. पण शिवाजीयन्सला लीगमध्ये थेट प्रवेश मिळाला होता. शुल्क भरून थेट आलेल्या संघाला सुरुवातीचे काही मोसम खाली ढकलायचं नाही, असा नियम होता. त्यामुळे शेवटचा संघ वाचला आणि शेवटून दुसरा बुडाला. ऐझॉल मात्र एकेक पायरी चढून आलेला क्लब होता. २०१५ साली सेकंड डिव्हिजन जिंकून त्याने वरचं दार उघडलं होतं. त्याच २०१६च्या मे महिन्यात हा संघ फेडरेशन कपच्या अंतिम फेरीतही पोचला. तिथे मोहन बागानकडून तो ०-५ असा हरला, तरी अंतिम फेरी ती अंतिम फेरी. अशा संघाला खाली पाठवणं मला आजही खटकतं.

आता गोवा. पणजीच्या धेंपे उद्योगसमूहाचं नाव मराठी वाचकाला ‘नवप्रभा’ दैनिकामुळे ठाऊक असतं. याच घराण्याचा धेंपो स्पोर्ट्स क्लब भारताचा पाच वेळा विजेता. २००४-०५ आणि २००६-०७ची राष्ट्रीय लीग, त्यानंतर २००७-०८, २००९-१० आणि २०११-१२ची आय-लीग. पाचही वेळा प्रशिक्षक आर्मांदो कोलासो. महेश गवळी, समीर नाईक, क्लायमॅक्स लॉरेन्स, क्लिफर्ड मिरांडा ही गोव्याची पोरं, आणि पुढे नायजेरियाचा रँटी मार्टिन्स. याच क्लबचा ब्राझिलियन खेळाडू क्रिस्तियानो ज्युनिअर ५ डिसेंबर २००४ला बंगळुरूत फेडरेशन कपच्या अंतिम सामन्यात दोन गोल करून मैदानातच कोसळला आणि गेला. त्याच्या पाठीवरचा दहा नंबर धेंपोने पुन्हा कुणाला दिला नाही.

एवढ्या मानाचा हा क्लब २०१५ साली खालच्या श्रेणीत घसरला. मोठा क्लब खाली गेला की काय होतं, हे पाहण्यासारखं असतं. महागडे खेळाडू निघून जातात, टीव्हीचे कॅमेरे येत नाहीत, आणि नवखे संघ ‘आपण धेंपोला हरवलं’ हे सांगायला मिळावं म्हणून जीव तोडून खेळतात. धेंपोने तो मोसम सरळ मान खाली घालून खेळून काढला आणि २०१६ची सेकंड डिव्हिजन जिंकली. वरचं दार पुन्हा उघडलं.

आणि ते आत गेले नाहीत.

त्याच वर्षी अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने नवा आराखडा मांडला. इंडियन सुपर लीग सगळ्यात वर, आय-लीग तिच्या खाली, आणि खालून वर जायला वाट नाही. गोव्यातल्या क्लबांना हे मान्य होईना. साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लुब दी गोवा यांनी आय-लीगमधून माघार घेतली, आणि नुकताच वर चढलेला धेंपोही त्यांच्याबरोबर बाहेर पडला. वर जाऊनही शिखराकडे वाट नसेल तर चढायचं कशाला, असा त्यांचा रोकडा सवाल होता. जागा रिकाम्या झाल्या. खाली ढकललेल्या ऐझॉलने दाद मागितलीच होती, महासंघाने त्याला परत बोलावलं. गोव्याच्या निषेधातून मिझोरामच्या संघाला पुनर्जन्म मिळाला.

तिसरा टप्पा मुंबईचा, आणि तो मला सगळ्यात चटका लावतो. २००८ साली आय-लीगची सेकंड डिव्हिजन पहिल्यांदा झाली, तिचा विजेता होता मुंबई एफसी. वर आल्यावर २०१६पर्यंत हा क्लब कधी खाली गेला नाही. तसा तो जिंकलाही काही नाही. गुणतक्त्याच्या मधल्या-खालच्या भागात तो वर्षानुवर्षं तग धरून राहिला. २००९पासून २०१६पर्यंत त्याला असं तगवून ठेवणारा माणूस म्हणजे खालिद जमील. कुवेतमध्ये जन्मलेला, महिंद्र युनायटेड आणि एअर इंडियाकडून खेळलेला, अबोल प्रशिक्षक. बरोबरी हवी तर बरोबरी, एका गोलचा विजय तर तोच सही, अशा हिशेबाने सात मोसम त्याने मुंबईला बुडू दिलं नाही. २०१६मध्ये क्लबने त्याला मोकळं केलं. तो ऐझॉलला गेला. मुंबई एफसीत खेळलेले जयेश राणे, आशुतोष मेहता असे काही जणही ऐझॉलला पोचले. गोव्याचा आल्बिनो गोम्स गोलरक्षक होता, सीरियाचा महमूद अल अम्ना मधल्या फळीत, आणि बाकी बहुतेक पोरं मिझोरामचीच. बड्या क्लबांच्या तुलनेत खर्च अगदी किरकोळ.

२०१६-१७च्या मोसमात दहा संघ, प्रत्येकाचे अठरा सामने. २२ एप्रिलला ऐझॉलने घरच्या मैदानावर मोहन बागानला १-० हरवलं. सामना संपायला काही मिनिटं उरली असताना बचावपटू झोमिंगलियाना राल्तेने हेडरने गोल केला. शेवटचा सामना शिलाँगला, शिलाँग लाजाँगविरुद्ध. एक गुण मिळाला की विजेतेपद पक्कं. पण नवव्या मिनिटालाच लाजाँगच्या दिपांडाने गोल मारला. त्यानंतर जवळपास तासभर ऐझॉल पिछाडीवर. तिकडे मोहन बागान आपला सामना जिंकायच्या बेतात. ६७व्या मिनिटाला विल्यम लालनुनफेलाने बरोबरी साधली, आणि उरलेला वेळ त्यांनी ती बरोबरी जिवापाड सांभाळली. असला गुण कसा राखायचा? खालिद सात वर्षं मुंबईत दुसरं काय करत होता! ऐझॉलचे ३७ गुण, मोहन बागानचे ३६. ईशान्य भारतातला क्लब देशाचा विजेता होण्याची ही पहिलीच वेळ.

त्याच मोसमात तळाला कोण होतं? मुंबई एफसी. तो खाली गेला आणि सेकंड डिव्हिजन न खेळताच त्याने गाशा गुंडाळला. शिवाजीयन्सही त्याच सुमारास संपला. त्याआधी महिंद्र युनायटेड २०१०मध्ये बंद झाला होता. पुणे एफसी २००९मध्ये सेकंड डिव्हिजनमधून वर आला, पुढे तोही मिटला. एफसी पुणे सिटी तर २०१९मध्ये थेट हैदराबादला गेला आणि हैदराबाद एफसी झाला. महाराष्ट्रातल्या बड्या क्लबांची ही यादी वाचताना पोटात कालवतं. हे सारे कंपन्यांचे क्लब होते. कंपनीच्या ताळेबंदात तो आकडा नकोसा झाला की एका बैठकीत त्यांचा निकाल लागायचा. कोल्हापुरात मात्र खंडोबा तालीम, पाटाकडील तालीम, शिवाजी तरुण मंडळ, दिलबहार, बालगोपाल यांचे संघ पिढ्यान्‌पिढ्या शाहू स्टेडियमवर खेळतायत, कारण ते पेठांचे आहेत. पेठ हरलेल्या संघाला शिव्या घालते, पण बंद करत नाही.

आता मूळ गोष्टीकडे येऊ. खालच्या श्रेणीची कल्पना सुचली कुणाला? इंग्लंडची फुटबॉल लीग १८८८ साली बारा क्लबांनी सुरू झाली आणि १८९२मध्ये तिला सेकंड डिव्हिजन जोडली गेली. सुरुवातीला वर-खाली जाणं आपोआप होत नसे. वरचे तळाचे संघ आणि खालचे पहिले संघ यांच्यात ‘टेस्ट मॅच’ होत. एप्रिल १८९८मध्ये अशा फेरीतला स्टोक विरुद्ध बर्नली हा शेवटचा सामना आला. बरोबरी झाली तर दोघांनाही वरच्या श्रेणीत जागा मिळणार होती. मग काय, दोन्ही संघांनी गोलच्या दिशेने चेंडू मारलाच नाही. ०-०. चिडलेल्या प्रेक्षकांनी त्यांच्यात आलेला चेंडू लपवायला सुरुवात केली. त्या तमाशानंतर टेस्ट मॅच बंद झाल्या आणि तळाचे आपोआप खाली, वरचे आपोआप वर, हा नियम आला. आज जगभर चालतो तो हाच.

या नियमाची जादू गणितात आहे. दहा संघांची दुहेरी साखळी म्हणजे नव्वद सामने. खाली जाण्याची भीती नसेल तर मोसमाच्या शेवटच्या महिन्यातले निम्मे सामने कुणासाठीच नसतात. विजेतेपदाच्या शर्यतीत दोन-तीन संघ उरलेले असतात, बाकीचे वेळ काढत असतात. पण तळाचे दोन खाली जाणार म्हटलं की नवव्या आणि आठव्या संघातला सामना पहिल्या-दुसऱ्याच्या सामन्याइतकाच जीवघेणा होतो. खालच्या श्रेणीत तर हे आणखी तीव्र. तिथे वरचे संघ चढण्यासाठी लढतात, तळाचे आणखी खाली न जाण्यासाठी, आणि मधले दोन सामने सलग जिंकले की वरच्यांत गणले जातात. मला म्हणूनच अव्वल श्रेणीपेक्षा दुसऱ्या श्रेणीचा गुणतक्ता जास्त वाचनीय वाटतो. त्यातल्या प्रत्येक ओळीत कुणाचं ना कुणाचं पुढचं वर्ष ठरत असतं.

थायलंडने हे फार चांगलं जमवलंय. त्यांच्या दुसऱ्या श्रेणीत, म्हणजे थाई लीग २मध्ये, अठरा संघ आणि प्रत्येकी चौतीस सामने असतात. पहिले दोन थेट वर जातात. तिसऱ्या ते सहाव्या क्रमांकाचे चार संघ आपापसांत खेळतात आणि त्यांतला एक वर जातो. याचा परिणाम बघा. सातव्या, आठव्या, नवव्या संघालाही शेवटच्या आठवड्यांपर्यंत सहावा येण्याची आशा राहते. त्या खाली थाई लीग ३ विभागवार चालते, त्यामुळे दूरच्या प्रांतातल्या छोट्या क्लबाला प्रवासखर्चापायी मरावं लागत नाही.

या पायऱ्यांवरून कुठलं गाव कुठे जाऊ शकतं ते पाहायचं तर बुरिराम पाहावं. बँकॉकपासून चारेकशे किलोमीटर दूर, ईशान्येच्या इसान भागात, भातशेतीचा, बेभरवशाच्या पावसाचा, पोटासाठी माणसं राजधानीकडे पाठवणारा प्रांत. हे वर्णन मराठवाड्याच्या माणसाला नवं नाही. नगरपालिकेच्या हद्दीत लोकवस्ती तीस हजारांच्या आसपास. राजकारणातून काही वर्षांसाठी दूर व्हावं लागलेल्या नेविन चिदचोब या तिथल्या पुढाऱ्याने २००९च्या अखेरीस देशाचा एक माजी विजेता क्लब, वीज मंडळाचा पीईए, अयुथयाहून उचलून बुरिरामला आणला. शेजारीच बुरिराम एफसी हा दुसरा क्लब होता. त्याने २०१०मध्ये तिसरी श्रेणी जिंकली आणि २०११मध्ये दुसरी. त्याच २०११मध्ये पहिला क्लब अव्वल श्रेणीचा विजेता झाला. एकाच वर्षी देशातल्या पहिल्या आणि दुसऱ्या, दोन्ही श्रेणींचे विजेते या एवढ्याशा गावात! तेव्हाच उभं राहिलेलं त्यांचं स्टेडियम आता ३२,६०० जणांचं आहे. म्हणजे खुर्च्या गावकऱ्यांपेक्षा जास्त. प्रांतभरातून माणसं येतात तेव्हाच ते भरतं. पुढे दोन्ही क्लब मिळून बुरिराम युनायटेड झाला आणि देशात त्याच्या तोडीचा क्लब शोधावा लागतो अशी वेळ आली.

या गोष्टीला एक बोचरी बाजू आहे. अयुथयाचा क्लब मैदानावर हरून नव्हे, उचलून नेल्यामुळे गेला. आणि एकेक पायरी चढून आलेल्या बुरिराम एफसीची अव्वल श्रेणीतली जागा विलीनीकरणानंतर दक्षिणेतल्या सोंगख्लाच्या मालकांकडे गेली. पैशाने पायऱ्या ओलांडता येतात. पुण्याच्या थेट प्रवेशात आणि यात फार फरक नाही. तरीही इसानच्या पोरांना आपल्या मातीतला क्लब आशियात खेळताना दिसतो, ही गोष्ट मी कमी लेखणार नाही.

थायलंड फुटबॉलमध्ये पहिल्यापासूनच आपल्यापुढे आहे असं नाही. १९६२च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत भारताने थायलंडला ४-१ हरवलं होतं. याच सामन्यात जर्नेलसिंगचं डोकं फुटलं. टाके घातलेल्या अवस्थेत तो पुढे आघाडीला खेळला, उपांत्य आणि अंतिम दोन्ही सामन्यांत त्याने गोल केले आणि भारताने सुवर्णपदक जिंकलं. छप्पन वर्षांनी, ६ जानेवारी २०१९ला अबुधाबीत आशिया कपमध्ये पुन्हा भारत विरुद्ध थायलंड, आणि पुन्हा ४-१! या वेळचा चौथा गोल मिझोरामच्या जेजे लालपेखलुआचा. त्याची व्यावसायिक सुरुवात पुणे एफसीतली.

जकार्ताच्या सुवर्णसंघाचे प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम हैदराबादचे. नांदेड-लातूरच्या माणसाने हे नाव आपलं म्हणून घ्यायला हरकत नाही, कारण १९५६च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत मराठवाडा हैदराबाद राज्यातच होता. रहीम यांच्या हैदराबाद सिटी पोलीस संघाने १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षं मुंबईत येऊन रोव्हर्स कप नेला. बंगालच्या मातब्बर क्लबांनाही हे तोवर जमलं नव्हतं. त्या पाच वर्षांत नांदेडमधल्या कुणी छाती फुगवून ‘आमच्या राज्याचा संघ’ म्हटलं असतं तर ते शब्दशः खरं होतं. १ नोव्हेंबर १९५६ला आपण मराठी मुलखात आलो, पण फुटबॉलची ती ओढ आपल्याबरोबर आली नाही. नांदेडने हॉकी जपली. गुरू गोविंदसिंगांच्या नावाची अखिल भारतीय हॉकी स्पर्धा तिथे होते आणि दूरदूरचे संघ खेळायला येतात. लातूरने कुस्ती जपली. हरिश्चंद्र बिराजदारांसारखा मल्ल या जिल्ह्याने दिला. खेळाची भूक इथे कमी आहे असं कुणी म्हणू नये.

आणि माणसांचीही कमी नाही. २०११च्या जनगणनेत ऐझॉल शहर तीन लाखांच्या आत होतं. लातूर शहर पावणेचार लाखांच्या वर, नांदेड-वाघाळा साडेपाच लाख. मिझोराम हे अख्खं राज्य सुमारे अकरा लाखांचं, एकटा लातूर जिल्हा साडेचोवीस लाखांचा. मग ऐझॉलकडे असं काय होतं? त्यांच्याकडे खालच्या पायऱ्या होत्या. २०१२मध्ये मिझोराम प्रीमियर लीग सुरू झाली आणि तिथल्याच एका स्थानिक केबल वाहिनीने तिचे सामने घराघरांत दाखवले. दोनच वर्षांत, २०१४ला, मिझोरामने संतोष करंडक जिंकला. त्याच्या पुढच्या वर्षी ऐझॉलने सेकंड डिव्हिजन जिंकली, आणि आणखी दोन वर्षांनी देश जिंकला. स्थानिक लीगनंतर पाच वर्षांत एवढं घडलं.

वरच्या दाराचं गाडं मात्र नंतरही अडत राहिलं. देशाचा विजेता होऊनही ऐझॉलला सुपर लीगमध्ये जागा मिळाली नाही, आणि काही वर्षांत आय-लीगच अधिकृतपणे दुसरी श्रेणी ठरली. धेंपो २०२४मध्ये पुन्हा खालून चढून आय-लीगमध्ये आला. २०२४-२५च्या मोसमात पाच वेळचा विजेता धेंपो आणि २०१७चा विजेता ऐझॉल एकमेकांशी खेळले ते दुसऱ्या श्रेणीत. पण आता निदान वर जायची वाट आहे. २०२३मध्ये पंजाब एफसी आणि २०२४मध्ये मोहम्मेडन स्पोर्टिंग आय-लीग जिंकून सुपर लीगमध्ये गेले. खालच्या बाजूलाही एक पायरी वाढली. २०२३पासून आय-लीग ३ सुरू झाली, आणि राज्यांच्या लीगमधले क्लब तिच्यात उतरू लागले.

म्हणजे नांदेड किंवा लातूरच्या क्लबाला आज कागदावर तरी तळापासून शिखरापर्यंत सलग वाट आहे. नाही ती सगळ्यात खालची पायरी, आणि ती दिल्लीहून कुणी बांधून देणार नाही. नांदेडचे दोन, लातूरचे दोन, परभणी, हिंगोली, धाराशिव आणि उदगीरचा एकेक, असे आठ संघ. सात-सात सामने घरी, सात-सात बाहेर, सगळे मिळून छप्पन. पोरांना घेऊन एसटीने जाता-येता येईल एवढं अंतर. शेवटचे दोन खाली जाणार आणि त्यांची जागा घ्यायला तालुक्याचे संघ टपलेले असणार, एवढा एक नियम पहिल्या वर्षापासून कडक पाळायचा.